ताणाची मात्रा : नियमित ताणव्यायाम आणि आपले आरोग्य

२०१९ च्या श्रावणातील गोष्ट. घरी सत्यनारायणाची पूजा होती. यजमान या नात्याने मी सोवळे नेसून पाटावर बसलो होतो. कथा संपली, गुरुजी म्हणाले, "उठा, आरती करू," आणि मला उठता येईना. उजवा हात जमिनीवर टेकला, डावा गुडघ्यावर ठेवला, तरी शरीर वर येण्यास तयार नव्हते. अखेर मुलाने काखेत हात घालून मला उभे केले. जमलेल्या नातलगांनी ते हसण्यावारी नेले. मीही हसलो. पण गुरुजींकडे पाहून मनात चरचरले. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, माझेच जुने रुग्ण, रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडूनच लिहून नेणारे. दोन तास मांडी घालून बसलेले ते गृहस्थ पोथी मिटून, हात न टेकता, सहज उभे राहिले होते. निघताना ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमचे हे रोजचेच आहे, म्हणून जमते. तुम्हीही थोडे जमिनीवर बसत जा."

त्या दिवशी वैद्य मी नव्हतो, ते होते.

त्या वेळी माझे वय ५८ होते. रावपुऱ्यातील दवाखान्याच्या खुर्चीत अठ्ठावीस वर्षे गेली होती. मधुमेह नव्हता, गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत वयापलीकडे काही दिसत नव्हते आणि सयाजीबागेत रोज सकाळी चाळीस मिनिटे चालण्याचा नेम मी कटाक्षाने पाळत होतो. मग न्यून कोठे होते? रुग्णाला तपासावे तसे मी स्वतःला तपासले तेव्हा उत्तर सापडले. पोटऱ्या, मांड्यांचे मागचे स्नायू आणि खुब्याभोवतीचे स्नायू दोरखंडासारखे आखडले होते. चालण्याने हृदय, फुप्फुसे आणि रक्तातील साखर यांना निःसंशय लाभ होतो. परंतु चालताना गुडघा वाकतो तो सुमारे ६० अंश, आणि उकिडवे बसताना त्याला १३० अंशांच्या पुढे जावे लागते. जी हालचाल आपण करीतच नाही, ती शरीर हळूहळू विसरते. त्या विस्मरणावरील उपाय म्हणजे नियमित ताणव्यायाम, ज्याला आता सर्वजण स्ट्रेचिंग म्हणतात. मंडळाच्या या स्मरणिकेत मी त्याच विषयाची मांडणी करणार आहे. डॉक्टर बंधुभगिनींना यात नवे काही आढळले नाही तरी चालेल. पण जे आपण जाणतो ते रुग्णाला नीट सांगतो का, हा प्रश्न मात्र मला सर्वांपुढे ठेवायचा आहे.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते?

स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंना समांतर, अतिसूक्ष्म तर्कूच्या आकाराची संवेदी इंद्रिये असतात. स्नायू किती आणि किती वेगाने ताणला जात आहे, याची वार्ता ती मज्जारज्जूला देतात. ताण अचानक आला की मज्जारज्जू त्याच स्नायूला आकुंचनाची आज्ञा देतो. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो तो यामुळेच. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये या ताण-प्रतिक्षेपाचे वर्णन प्रसिद्ध केले. व्यायामाच्या दृष्टीने त्यातील बोध असा की झटके देऊन, हिसके मारून ताण दिला तर स्नायू सैल होण्याऐवजी प्रतिकार करतो. सावकाश दिलेला आणि स्थिर राखलेला ताण तो स्वीकारतो.

दुसरी गोष्ट लांबीची. स्नायुतंतू हा सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म घटकांची साखळी असते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांजराच्या पोटरीतील एक स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला असता काही आठवड्यांत त्याच्या साखळीतील सुमारे ४० टक्के घटक कमी झालेले आढळले. प्लास्टर काढून स्नायू मोकळा केल्यावर ते पुन्हा वाढले. खुर्ची म्हणजे प्लास्टर नव्हे, हे खरे. पण दिवसाचे दहा-बारा तास गुडघे आणि खुबे वाकवून बसणाऱ्या माणसाने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

तिसरी गोष्ट अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाली आहे आणि ती मला सर्वांत उद्बोधक वाटते. तीन ते आठ आठवडे नियमित ताण दिल्यावर सांधा अधिक वळू लागतो, तेव्हा स्नायू प्रत्यक्षात फारसा लांबलेला नसतो. बदलते ती प्रामुख्याने मज्जासंस्थेची सहनशीलता. जेथे पूर्वी ती "आता पुरे" असा इशारा देत असे, तेथे आता देत नाही. वाटेवरचा पहारेकरी रोज भेटणाऱ्याला ओळखू लागतो आणि मग अडवीत नाही, तसाच हा प्रकार. म्हणूनच महिन्यातून एकदा तासभर अंग पिळवटण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे मोलाची. पहारेकऱ्याची ओळख रोजच्या भेटीनेच होते.

बडोद्याचा वारसा

हा विषय आपल्या शहराला परका नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न माणिकराव ही नावे येथील जुन्या मराठी घरांत आजही आदराने घेतली जातात. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात बडोद्यातूनच मराठीत प्रसिद्ध झाला. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झालेले जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ मध्ये येथून जवळच असलेल्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी माणिकरावांकडे शरीरशिक्षणाचे धडे घेतले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. शेरिंग्टन आणि लिडेल ताण-प्रतिक्षेपाचा शोध मांडीत होते ते हेच वर्ष. आसन हे झटक्याने न करता स्थिर आणि सुखावह असावे, हा परंपरेचा दंडक आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष एकाच ठिकाणी येऊन मिळतात. परंपरा प्राचीन आहे म्हणून ती तपासू नये, असे कुवलयानंदांनी मानले नाही. आपणही तीच दृष्टी ठेवून लाभांकडे पाहू.

लाभ कोणते?

पहिला आणि निर्विवाद लाभ सांध्यांच्या हालचालीच्या कक्षेचा. रोज ताण दिल्यास ती वाढते, कोणत्याही वयात वाढते, आणि सोडून दिल्यास काही आठवड्यांत पुन्हा घटते. हा लाभ किरकोळ मानू नये. पाठीवरच्या गुंड्या लावणे, वेणी घालणे, फळीवरचा डबा काढणे, पायाची नखे कापणे, नातवाला उचलण्यासाठी वाकणे, पंगतीत बसणे, या प्रत्येक कृतीला हालचालीची ठराविक कक्षा लागते. ती गमावली की माणूस आजारी ठरत नाही, पण परावलंबी होऊ लागतो.

दुसरा मुद्दा बसण्याउठण्याचा. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वयोगटातील २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून पुन्हा उठण्यास सांगितले. बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच असे दहा गुण ठेवले. हात, गुडघा वा अन्य आधार घेतला की प्रत्येक वेळी एक गुण वजा, तोल गेला की अर्धा गुण वजा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शून्य ते तीन गुण मिळविणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांच्या तुलनेत पाच पटींहून अधिक आढळले. त्याच गटाने २०२४ मध्ये ४६ ते ६५ वयाच्या ३१३९ व्यक्तींची लवचिकता आणि आयुर्मान यांचा संबंध प्रसिद्ध केला. तेथेही अधिक लवचिक व्यक्तींमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते. डॉक्टर या नात्याने येथे सावध करणे माझे कर्तव्य आहे. हा संबंध आहे, कारण नव्हे. जमिनीवरून उठण्यास लवचिकतेबरोबर स्नायूंची ताकद, तोल आणि आटोक्यातील वजन हे सारे लागते. केवळ ताण देऊन आयुष्य वाढेल, असे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु घरच्या घरी, एकही पैसा खर्च न करता होणारी ही चाचणी रुग्णाची अवस्था पुष्कळ बोलून दाखवते. पूजेच्या दिवशी माझे गुण किती झाले असते, हे वाचकांनीच मोजावे. ही चाचणी करून पाहताना वृद्धांजवळ कोणीतरी उभे असावे.

तिसरा मुद्दा मधुमेहाचा. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही रुग्णांना दोन्ही तळहात नमस्काराप्रमाणे जोडण्यास सांगितले, तर बोटांच्या मध्ये फट राहते. वेदना नसते, म्हणून रुग्ण तक्रार करीत नाही. वाढलेल्या साखरेमुळे त्वचेतील आणि कंडरांतील कोलॅजन ताठर होते, त्याचे हे चिन्ह. खांदा आखडणे, म्हणजे फ्रोजन शोल्डर, हाही मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. हात आणि खांदे यांच्या हालचाली रोज पूर्ण कक्षेत करणे अशा रुग्णांना शिकवावे. मात्र ताठरलेले कोलॅजन त्यामुळे पूर्ववत होईल, असे आश्वासन देऊ नये. मूळ उपाय साखर काबूत ठेवणे हाच. आणि खांदा दुखरा असताना तो जबरीने ओढू नये. नेदरलँड्समधील एका अभ्यासात ७७ रुग्णांची दोन वर्षे पाहणी केली. वेदनेच्या मर्यादेत सौम्य हालचाली करणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळपास पूर्ववत झाला. वेदनेपलीकडे जोराने ताण घेणाऱ्यांपैकी केवळ ६३ टक्के रुग्णांचा. २००४ मधील हा निष्कर्ष मी माझ्या टेबलावरील काचेखाली लिहून ठेवला आहे.

चौथा मुद्दा पायांचा. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताच टाचेत कळ येणाऱ्यांनी पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून तळव्याला दहा सेकंद ताण द्यावा आणि असे दहा वेळा करावे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा साधा उपाय नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला. रात्री पोटरीत गोळे येण्याची तक्रार उतारवयात घरोघरी असते. ५५ वर्षांवरील ८० व्यक्तींच्या, २०१२ मधील एका अभ्यासात सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंना ताण दिल्याने गोळ्यांचे प्रमाण घटले. पुरावा अजून मर्यादित आहे. पण केवळ गोळ्यांसाठी क्विनीन देण्यातील धोके पाहता हा निरुपद्रवी उपाय आधी करून पाहणे शहाणपणाचे.

पाचवा मुद्दा रक्तवाहिन्यांचा. स्नायू ताणला जातो तेव्हा त्यातील रक्तवाहिन्याही ताणल्या जातात. कॅनडातील सास्कॅचेवान विद्यापीठाच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किंचित वाढलेल्या रक्तदाबाच्या ४० व्यक्तींपैकी निम्म्यांनी आठ आठवडे चालण्याचा आणि निम्म्यांनी ताणाचा व्यायाम केला. दोन्ही व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास असे होते. रक्तदाब ताणाच्या गटात अधिक उतरला. कमरेचा घेर मात्र चालणाऱ्यांचा अधिक कमी झाला. अभ्यास लहान आहे. त्यावरून कोणी गोळ्या बंद करू नयेत आणि चालणेही सोडू नये. चालण्याला ताणाची जोड द्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

जे खरे नाही, तेही सांगितले पाहिजे

ताण दिला की दुखापत होत नाही, ही समजूत मी स्वतः वर्षानुवर्षे पसरवली. नवरात्र आले की आपल्या शहरात रात्री-रात्री गरबा रंगतो आणि दुसऱ्या दिवशी घोटे, पोटऱ्या घेऊन तरुण मंडळी दवाखान्यात येतात. "खेळण्याआधी पाय ताणले नाहीत ना?" असे मी त्यांना रागावत असे. वस्तुतः २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील १५३८ सैनिकी उमेदवारांच्या अभ्यासात व्यायामापूर्वीच्या ताणामुळे दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या नाहीत. व्यायामानंतरचे अंगदुखणेही ताणाने नगण्य प्रमाणातच कमी होते. उलट, एका स्नायूला खेळाच्या आधी मिनिटाहून अधिक स्थिर ताण दिला तर त्याची ताकद तात्पुरती किंचित घटते. गरब्यापूर्वी दहा मिनिटे सावकाश पावले टाकून अंग तापवावे, वेग हळूहळू वाढवावा. स्थिर ताण नंतरसाठी वा दिवसातील अन्य वेळेसाठी राखून ठेवावा.

उत्तरायणाचेही तेच. १४ जानेवारीला दिवसभर गच्चीवर मान मागे टाकून पतंग उडवायचा आणि १५ तारखेला मान धरून यायचे, हा दरवर्षीचा परिपाठ. एका सकाळच्या ताणाने ते टळत नाही. ज्याची मान आणि छाती वर्षभर मोकळी ठेवलेली असते, त्याला ते अधिक झेपते, असा माझा अनुभव आहे. तो अनुभव म्हणूनच घ्यावा.

आणखी एक. ताणाने स्नायू बळकट होत नाहीत. उतारवयात पडण्यापासून वाचविण्यास ताकदीचे आणि तोलाचे व्यायामच लागतात. पूर्ण कक्षेत केलेले ताकदीचे व्यायाम लवचिकताही वाढवतात. म्हणून चालणे, ताकद आणि ताण ही तिपाईची तीन पावले समजावीत.

मात्रा आणि विधी

औषधाची मात्रा असते तशी ताणाचीही असते. १९९४ च्या एका सुप्रसिद्ध प्रयोगात मांडीच्या मागच्या स्नायूंना १५, ३० आणि ६० सेकंद ताण देऊन तुलना केली. १५ पेक्षा ३० सेकंद सरस ठरले. ६० सेकंदांनी त्याहून अधिक लाभ झाला नाही. सर्वसाधारण मात्रा अशी : प्रत्येक ताण ३० सेकंद, प्रत्येक बाजूस दोन वेळा, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस, शक्य तर रोज. साठीपुढील व्यक्तींनी एक ताण ६० सेकंदांपर्यंत नेण्यास हरकत नाही. अंग थोडे तापलेले असावे. चालून आल्यावर किंवा गरम पाण्याच्या स्नानानंतरची वेळ उत्तम. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. श्वास रोखू नये, विशेषतः रक्तदाबाच्या रुग्णांनी.

मी स्वतः करतो ते सहा ताण येथे देतो.

१. पोटरी : भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. शरीर पुढे झुकवावे.

२. मांडीचा मागचा भाग : उताणे निजून एका तळपायाला पंचा अडकवावा आणि गुडघा शक्य तितका सरळ ठेवून पाय वर ओढावा. पाठ जमिनीवर राहते, म्हणून उभ्याने वाकण्यापेक्षा हा प्रकार कण्याला सोयीचा.

३. मांडीचा पुढचा भाग : खुर्चीची पाठ धरून उभे राहावे, एक पाय गुडघ्यात मागे वाकवून घोटा हाताने धरावा. कंबर पुढे वाकू देऊ नये. हात घोट्यापर्यंत पोचत नसेल तर तेथेही पंच्याचे साहाय्य घ्यावे.

४. खुबे : बसून दोन्ही तळपाय एकमेकांना जोडावेत आणि गुडघे आपोआप खाली जाऊ द्यावेत. हातांनी दाबू नयेत. जमिनीवर बसता येत नसेल तर पलंगावर करावे.

५. छाती आणि खांदे : दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरांपासूनचे हात टेकून एक पाऊल पुढे टाकावे.

६. मान : ताठ बसून कान खांद्याकडे न्यावा, खांदा उचलू नये. मान गरगर फिरवू नये. भोवळ आल्यास तात्काळ थांबावे.

चार ताण प्रत्येक बाजूस एक मिनिट आणि दोन ताण एकूण एक मिनिट, असा हिशेब दहा मिनिटांचा होतो.

कोणी जपावे?

येथे एक कबुली द्यावयाची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे सत्तरीच्या एक आजी येत असत. पाठ आखडते म्हणत. मी चिठ्ठीवर औषधाखाली 'पाठीचा व्यायाम' एवढेच लिहिले आणि तोंडी सांगितले, "आजी, रोज थोडे वाकत जा, पायाची बोटे धरायचा प्रयत्न करा." आजी आज्ञाधारक होत्या. "डॉक्टरांनी सांगितले आहे," म्हणून दोन महिने त्या नेमाने वाकल्या. मग एका सकाळी पाठीत असह्य कळ आली. क्ष-किरणात एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. त्यांची हाडे ठिसूळ झालेली होती आणि मी त्याचा विचारच केला नव्हता. तो मणका वाकण्यानेच दबला, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण मेयो क्लिनिकमधील एक अभ्यास १९८४ मध्येच प्रसिद्ध झाला होता : ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के स्त्रियांचे मणके नव्याने दबले, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के. तो मी वाचावयास हवा होता. आजींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "वयच झाले, तुम्ही काय करणार," असे त्याच माझे सांत्वन करीत राहिल्या. ते शब्द दोषापेक्षा जड होते.

म्हणून सांगतो. हाडे ठिसूळ असलेल्यांनी पुढे वाकण्याचे आणि कंबर पिळण्याचे ताण टाळावेत. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी आपल्या शल्यचिकित्सकांनी घालून दिलेल्या मर्यादा पाळाव्यात. काचबिंदूच्या रुग्णांनी डोके खाली जाईल अशा स्थिती घेऊ नयेत. सांधा सुजलेला वा गरम असेल, सायटिकाची कळ पायात उतरत असेल, नुकतीच दुखापत झाली असेल, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. ज्यांचे सांधे मुळातच अतिसैल आहेत त्यांना ताणाची नव्हे, ताकदीची गरज असते. फ्लोरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविके चालू असताना कंडरा, विशेषतः टाचेची, दुबळी होऊ शकते. त्यातच स्टेरॉइड्स चालू असतील तर धोका वाढतो. अशा वेळी जोराचा ताण नको.

डॉक्टरांनी स्वतःसाठी

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस वाकलेल्या मानेने जातो. दंतवैद्य, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे यांचे हाल तर विचारूच नयेत. अमेरिकेत ६६ शल्यचिकित्सकांवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या दरम्यान निर्जंतुक क्षेत्र न सोडता, २० ते ४० मिनिटांच्या अंतराने दीड-दोन मिनिटे मान, खांदे, पाठ यांना ताण दिला. शारीरिक क्षमता आणि एकाग्रता सुधारल्याचे अनेकांनी नोंदविले आणि शस्त्रक्रियेचा एकूण वेळ वाढला नाही. बाह्यरुग्ण विभागात दोन रुग्णांच्या मध्ये उभे राहून चौकटीला हात टेकण्यास अर्धे मिनिट लागते. मी ते करू लागल्यापासून बाहेर बसलेले रुग्ण आत डोकावून पाहतात, आणि काही जण घरी जाऊन तसेच करतात. माझ्या चिठ्ठीपेक्षा त्याचा परिणाम अधिक झाला आहे.

चिठ्ठीतही मी बदल केला आहे. 'व्यायाम करा' हे वाक्य काढून टाकले. आता कोणता ताण, कोणत्या बाजूस, किती सेकंद, किती वेळा आणि काय टाळायचे, हे गोळ्यांच्या खाली त्याच अक्षरात लिहितो आणि रुग्णाकडून एकदा समोर करवून घेतो. त्याला तीन मिनिटे अधिक लागतात. त्या आजींच्या वेळी ही तीन मिनिटे दिली असती तर, हा विचार अधूनमधून येतो.

गेल्या श्रावणात घरी पुन्हा पूजा झाली. गुरुजी आता ऐंशीकडे झुकले आहेत. आरतीच्या वेळी मी उठलो तेव्हा मुलगा सवयीने पुढे आला, त्याला मी थांबविले. एक हात मात्र जमिनीला टेकावाच लागला. दहापैकी गुण अजून पूर्ण मिळालेले नाहीत. गुरुजींनी ते पाहिले, मंद हसले आणि म्हणाले, "चालू ठेवा, डॉक्टरसाहेब."

चालू आहे.